पट आणि पडवी : शालेय प्रवेशाच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना एक मोजमाप फार प्रिय आहे. ते म्हणजे पटावरील संख्या. अमुक साली इतक्या शाळा होत्या, त्यांत इतकी मुले होती, पुढच्या दशकात ती इतकी झाली. सबब शिक्षणाचा प्रसार झाला, असा या इतिहासाचा साधा अनुमानक्रम असतो. संख्येचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या मागण्या आकडेवारीच्या भक्कम पायावरच उभ्या केल्या. परंतु केवळ पट वाचून शाळेचा इतिहास कळतो काय, हा आमचा प्रश्न आहे. पटावर नाव आहे. पण ते नाव धारण करणारे मूल बसले कोठे? वर्गात, दाराजवळ, की बाहेर पडवीत? हा प्रश्न ज्या इतिहासाला पडत नाही, त्या इतिहासाला प्रवेश आणि बहिष्कार यांतील भेदही उमगत नाही. कारण आपल्या देशात बहिष्काराने पुष्कळदा प्रवेशाचेच वस्त्र पांघरलेले आहे.

या दृष्टीने शालेय शिक्षणाच्या इतिहासाची जी दोन प्रमुख कथने प्रचलित आहेत, त्यांची चिकित्सा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. पहिले कथन असे की, इंग्रजांच्या आगमनापूर्वी या देशात गावोगाव शाळा होत्या, त्यांत सर्व जातींची मुले शिकत होती आणि परकी सत्तेने ही व्यवस्था मुळासकट उखडली. दुसरे असे की, इंग्रज सरकारने शाळेची दारे सर्वांना खुली केली आणि येथूनच बहिष्कृतांच्या शिक्षणाचा उदय झाला. ही कथने वरकरणी परस्परविरोधी दिसतात. परंतु दोन्ही पटाच्या आधारे बोलतात आणि दोन्ही पडवीपाशी मौन धारण करतात, असे आमचे मत आहे.

रम्य वृक्षाची छाया कोणासाठी?

२० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडन येथे चॅथम हाउसमध्ये बोलताना गांधीजींनी असे प्रतिपादन केले की, पन्नास वा शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने आजचा हिंदुस्थान अधिक निरक्षर आहे आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी येथील शिक्षणरूपी सुंदर वृक्षाची मुळे उकरून तो मरू दिला. सर फिलिप हार्टोग यांनी या विधानास पुरावा मागितला आणि त्यावरून दीर्घ पत्रव्यवहार झाला. पुढे १९८३ साली धर्मपाल यांनी ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथात जुनी सरकारी कागदपत्रे प्रसिद्ध करून गांधीजींच्या म्हणण्यास आधार पुरविला. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली आपल्या इलाख्यातील देशी शाळांची पाहणी करविली होती. मन्रो यांच्या १८२६ च्या टिपणानुसार सुमारे १ कोटी २८ लाख लोकसंख्येच्या त्या प्रदेशात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी होते. धर्मपाल यांनी या कागदांतून असे दाखविले की, तमिळभाषक जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांत ब्राह्मण अल्पसंख्य असून शूद्र व त्याखालील जाती यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्याही वर जाते.

हा पुरावा मोलाचा आहे आणि तो झटकून टाकण्याचे कारण नाही. देशी शाळा म्हणजे केवळ ब्राह्मणांची मिरास, ही समजूत त्याने ढिली केली. परंतु तो पुरावा कोणत्या रकान्यांत मांडलेला आहे, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मन्रोंच्या तक्त्यात ब्राह्मण, वैश्य, शूद्र, ‘इतर सर्व जाती’ आणि मुसलमान असे विभाग होते. अस्पृश्य म्हणून ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. ‘इतर जाती’ या पाच अक्षरांच्या कोठीत कोण कोण बसविले होते, हे त्या तक्त्यावरून निश्चित ठरत नाही. शूद्रांची संख्या आणि ही संदिग्ध संख्या यांची बेरीज करून ‘शाळा सर्वांची होती’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्याचा शोध घ्यावयाचा त्यालाच बेरजेत बुडविणे होय. शूद्र आणि अतिशूद्र यांतील भेद जोतीराव फुल्यांनी आयुष्यभर सांगितला. तो या बेरजेत नाहीसा होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट जागेची आहे. आपल्या महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांचे स्वरूप पाहावे. या शाळांना स्वतःची इमारत क्वचितच असे. त्या एखाद्या देवळात, धर्मशाळेत, नाही तर गावातील प्रतिष्ठित गृहस्थाच्या ओसरीवर भरत. धूळपाटी, मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी हा त्यांचा अभ्यासक्रम. आता जे देऊळ अस्पृश्यास बंद, जी ओसरी अस्पृश्याच्या सावलीनेही विटाळते, तेथे भरणाऱ्या शाळेत अस्पृश्याच्या मुलाला प्रवेश नाकारण्याचा नियम करण्याची गरजच काय? प्रश्नच उपस्थित होऊ नये अशी व्यवस्था जेथे पूर्ण झालेली असते, तेथे नकाराचा कागद उरत नाही. आणि कागद नाही म्हणून बहिष्कार नव्हता असे मानणे हा इतिहासलेखनाचा मोठा दोष होय. सर्वांत परिपूर्ण बहिष्कार हा अलिखित असतो. म्हणून त्या रम्य वृक्षाविषयी आमचे एवढेच विचारणे आहे की, त्याची छाया गावकुसाच्या पलीकडे पडत होती काय?

एका मुलाचा अर्ज

आता दुसऱ्या कथनाकडे वळू. इंग्रजी राजवटीने शाळेची दारे सर्वांस खुली केली, या कथनाचा कस पाहण्यास धारवाडचे १८५६ चे प्रकरण पुरेसे आहे. बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणासंबंधी जे निवेदन सादर केले, त्यात हे प्रकरण त्यांनी मूळ सरकारी कागदांसह मांडले आहे. आमच्या मते हे निवेदन केवळ मागण्यांचा अर्ज नव्हे. ती शिक्षणाच्या इतिहासलेखनाची एक नवी पद्धती आहे. सरकारविरुद्ध सरकारचाच कागद उभा करावयाचा आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा जबाब घ्यावयाचा, ही ती पद्धती.

प्रकरण थोडक्यात असे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीने, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज गेला. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. चार्ल्स वुड यांचा १८५४ चा शिक्षणविषयक खलिता येऊन दोन वर्षे झाली होती आणि सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने तत्त्वतः स्वीकारली होती. २१ जुलै १८५६ च्या ठरावात मुंबई सरकारने काय केले? न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे त्याने मान्य केले. परंतु युगानुयुगांचे पूर्वग्रह एका हुकुमाने दूर करता येत नाहीत, आणि एका व्यक्तीसाठी, तीही सवर्णांच्या शाळेत प्रवेशाची याचना करणारी पहिलीच महार व्यक्ती, संपूर्ण शाळा बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने निरुपयोगी करून ठेवणे योग्य नव्हे, असे म्हणून अर्ज फेटाळला.

या ठरावाचे बारकाईने वाचन केले पाहिजे. कारण पुढील दीडशे वर्षांतील बहिष्काराची भाषा त्यात बीजरूपाने आहे. पहिली गोष्ट, त्यात द्वेष नाही, तिरस्कार नाही. उलट खेद आहे. न्याय तुझ्या बाजूला, पण शाळा त्यांच्या बाजूला, असा तो निवाडा आहे. दुसरी गोष्ट, त्यात एकाविरुद्ध अनेक असा हिशेब मांडला आहे. ज्यांनी शाळा सोडण्याची धमकी दिली असती, त्यांच्या संभाव्य अन्यायाची किंमत ज्याने अन्याय केला नाही त्या मुलाकडून वसूल करण्यात आली. तिसरी गोष्ट ‘पहिलाच महार’ या युक्तिवादाची. जणू कोणी पुढे आलेच नव्हते, म्हणून सरकारचे काही अडले नव्हते!

हा तिसरा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२-५३ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी शिक्षणखात्यातर्फेच मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा गौरव झाला. त्याच शाळेतील मुक्ता ही सुमारे चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. म्हणजे धारवाडचा अर्ज फेटाळला जाण्याच्या एक वर्ष आधी, त्याच इलाख्यात, बहिष्कृत समाजातील एक मुलगी छापील मराठी गद्यात धर्म, राज्य आणि जात यांची उलटतपासणी करीत होती. ठरावातील शब्द सवर्णांच्या शाळेपुरतेच आहेत, हे खरे. परंतु म्हणूनच ते अधिक बोलके ठरतात. बहिष्कृत मूल स्वतंत्र शाळेत शिकते तोवर त्याच्या शिक्षकाला शालजोडी मिळते. तेच मूल सर्वांच्या शाळेच्या दारात उभे राहिले की ते ‘याचना करणारे पहिलेच’ ठरते. सरकारला शिक्षण मान्य होते, शेजार मान्य नव्हता.

कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली कळविले की, सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून ढळता येणार नाही. कागदावर निर्णय फिरला. परंतु माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३-२४ मध्येच जी सावधगिरी सांगून ठेवली होती, तिचे बळ काही कमी झाले नाही. खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असे मिशनऱ्यांचे मत त्यांनी नमूद केले होते. आणि त्याच दमात अशांना विशेष उत्तेजन देऊ नये, नाही तर शिक्षण त्यांच्यापाशीच थांबेल व वरिष्ठांत पसरणार नाही, असा इशाराही दिला होता. गुणवत्तेचा पुरावा हाच जेथे उत्तेजन नाकारण्याचा आधार होतो, तेथे ‘पात्रता’ या शब्दाविषयी वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता उरत नाही.

दार उघडले, पडवी उरली

१८८२ च्या हंटर आयोगाने जातीच्या कारणाने सरकारी शाळेत कोणासही प्रवेश नाकारू नये, हे तत्त्व पुन्हा उच्चारले; पण ते सावधगिरीने अमलात आणावे असेही म्हटले आणि जेथे मुले पुरेशी असतील तेथे खालच्या जातींसाठी स्वतंत्र शाळा वा वर्ग यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. तत्त्व आणि सावधगिरी यांच्यामधील या फटीतूनच पडवी जन्मास आली. प्रवेश नाकारता येत नाही, शेजार देववत नाही. मग मधली जागा कोणती? छपराखाली, पण भिंतीबाहेर. दारातून फळा दिसेल, पण पाटी गुरुजींच्या हातात जाणार नाही. अशा मुलाचे नाव पटावर येते, हजेरी लागते, वार्षिक अहवालात ते ‘प्रविष्ट’ म्हणून मोजले जाते. पडवी ही केवळ बांधकामातील जागा नव्हे. ती एक प्रशासकीय युक्ती आहे. तिच्यामुळे कायदा पाळला जातो आणि रूढीही पाळली जाते.

या पडवीविरुद्धचा झगडा आपल्या चळवळीच्या आरंभकाळातच आढळतो. १८९० नंतरच्या दशकात दापोली येथे पेन्शनर महार सैनिकांनी आपल्या मुलांच्या नगरपालिकेच्या शाळेतील प्रवेशासाठी अर्जविनंत्या केल्या. गोपाळबाबा वलंगकरांच्या प्रेरणेने जागृत झालेला हा वर्ग लष्करातील शाळांत शिकलेला होता. मुलांना पडवीत बसविले की प्रश्न मिटला, असे मानण्यास तो तयार नव्हता. आमचे मूल शाळेत आहे काय, एवढेच न विचारता ते कोठे बसले आहे, हे त्याने विचारले. शालेय इतिहासातील खरा प्रश्न प्रथम विद्वानांनी नव्हे, तर या निवृत्त शिपायांनी मांडला, याची नोंद झाली पाहिजे.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या बालपणातील गोणपाट सर्वश्रुत आहे. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी ते घरून न्यावयाचे आणि परत आणावयाचे. कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. या प्रसंगाकडे आपण सामान्यतः करुणेने पाहतो. आमच्या मते तो एक अभ्यासनीय पुरावा आहे. वर्गात प्रवेश, पटावर नाव, परीक्षेस परवानगी, हे सारे त्या मुलास मिळाले होते. नव्हती ती फक्त जमीन. सरकारी शाळेच्या चार हात जमिनीवर ज्याचा हक्क नाही, तो आपली जमीन पाठीवर घेऊन येतो, असा त्या गोणपाटाचा अर्थ आहे.

हा अर्थ पुढे सार्वजनिक मागणीत कसा उतरला, ते पाहण्यासारखे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा जो ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला, त्यात पाणवठे व धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. तळे आणि शाळा एकाच ठरावात होत्या, हे आपण पुष्कळदा विसरतो. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, बाबासाहेबांनी त्याच कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. प्राथमिक शाळांत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे अवघे १८ विद्यार्थी आहेत. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे हेच प्रमाण अनुक्रमे ३,०००, ५००, १४० आणि १४ असे आहे, हे त्यांनी दाखविले. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला वर्ग शिक्षणात अखेरच्या क्रमांकावर होता. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात व उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. येथे संख्येचा उपयोग कसा केला आहे, ते पाहावे. किती आत आले, एवढ्यावर बाबासाहेब थांबत नाहीत. आत आलेल्यांचे पुढे काय झाले, हे ते विचारतात. एक संख्या पटाची, दुसरी पडवीची.

१९२८ च्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती सोपविण्यास विरोध केला, तोही याच जाणिवेतून. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार लोकलबोर्डे व नगरपालिका यांच्याकडे जाऊ लागला होता. लोकशाही विकेंद्रीकरण म्हणून या गोष्टीची स्तुती होत होती. परंतु गाव म्हणजे कोण, आणि त्याच्या हाती शाळा गेली तर पडवीतल्या मुलाने दाद कोणाकडे मागावी, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता.

स्वतंत्र शाळेचा पेच

येथे एक आक्षेप संभवतो. स्वतंत्र शाळांनीच आपल्या अनेक पिढ्यांना पहिली अक्षरे दिली; मग त्यांना बहिष्काराचे साधन कसे म्हणावे? आक्षेप गंभीर आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ पर्यंत तो राज्यभर नेला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली स्थापिलेल्या मिशनच्या शाळांनीही मोठे काम केले. ही कृतज्ञता कायम ठेवूनच छत्रपती शाहू महाराजांच्या निर्णयाचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याचा हुकूम काढला. शाळा उघडणाऱ्या राजांची नावे इतिहासात अनेक आहेत; समतेसाठी शाळा बंद करणारा राजा विरळा. मुलांची संख्या नव्हे, मुलांचा शेजार हा शिक्षणाचा विषय आहे, हे त्या हुकुमाने सांगितले.

बाबासाहेबांनीही संस्था उभारल्या. पण त्या बहिष्कृतांपुरत्या कोंडलेल्या नव्हत्या. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय निघाले, जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आले. त्यांत सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी शिकले. ज्यांना पडवीत बसविले गेले, त्यांनी बांधलेल्या इमारतीला पडवी नव्हती.

आजची पडवी

हा सारा इतिहास मागे पडला, असे कोणी म्हणेल. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील बालकांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. ही मोठी कमाई आहे. परंतु १८५६ च्या ठरावाची भाषा आजच्या कागदांतून पूर्ण नाहीशी झाली आहे काय?

शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनातून मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरविला. न्यायालयाने मार्ग मोकळा केला. तरी त्या एक किलोमीटरचा विचार आपण सोडू नये. गरीब मुलास शाळा मिळणारच होती, फक्त ती वेगळी मिळणार होती. शिक्षण मान्य, शेजार अमान्य, हे १८५६ चेच सूत्र. पूर्वी पडवी वर्गापासून चार हातांवर होती. येथे ती एक किलोमीटरवर नेण्यात आली.

दुसरे उदाहरण कमी पटाच्या शाळांचे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. खर्चाचा आणि सोयीचा युक्तिवाद त्यामागे आहे. पण ज्या वाडी-वस्तीवरची शाळा जाईल, तेथली मुले कोणत्या समाजाची असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. थोड्यांसाठी संस्था चालविणे परवडत नाही, हे वाक्य धारवाडच्या त्या मुलाने ऐकले होते. तिसरे उदाहरण ‘शाळाबाह्य’ या शब्दाचे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यात अशा मुलांचे एका दिवसात सर्वेक्षण झाले आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. ऊसतोड, वीटभट्टी, पालावरचे जिणे यांमागे जाणारे मूल शाळेबाहेर आहे, असे म्हणताना शाळा त्या मुलाच्या जगण्याबाहेर आहे, ही गोष्ट झाकली जाते.

चौथे उदाहरण जेवणाच्या पंगतीचे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश दिला. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे अन्न नाकारल्याची घटना देशभर गाजली. वर्ग एक झाला; पंगत एक व्हावयाची आहे.

आपल्या परंपरेचे वाचन

बौद्ध विद्येच्या नियतकालिकात हा विषय मांडताना आपल्या परंपरेकडेही याच कठोर दृष्टीने पाहणे आमचे कर्तव्य आहे. विनयपिटकाच्या महावग्गात प्रव्रज्येस अपात्र ठरणाऱ्यांची जी यादी आहे, तीत ऋणी, दास, राजसेवक, विशिष्ट रोगांनी ग्रस्त आणि व्यंग असलेले यांचा समावेश आहे. जन्मजातीचा अडसर तीत नाही, हा तिचा थोरपणा आहे. उपाली नापित होते, सुनीत झाडूवाले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु व्यंग असलेल्याला दाराबाहेर ठेवणारा नियमही त्याच ग्रंथात आहे, हे सांगावयास आपण कचरू नये. आज विहाराला जोडून जे संस्कारवर्ग, अभ्यासिका व वसतिगृहे चालतात, तेथे अंध, कर्णबधिर वा मतिमंद मुलाला जागा आहे काय, हा प्रश्न तेथूनच निघतो.

याच परंपरेत थेरगाथेतील सोपाकाचे आख्यान आहे. स्मशानाशी ज्याच्या नावाचे नाते जोडले जाते, असा हा सात वर्षांचा बालक. तथागत प्रासादाच्या सावलीत चंक्रमण करीत असता तो त्यांच्यापाशी गेला, वंदन करून त्यांच्या मागोमाग त्याच सावलीत चालू लागला. तथागतांनी त्याला प्रश्न विचारले. त्याने निर्भयपणे उत्तरे दिली आणि ती उत्तरे हीच त्याची उपसंपदा ठरली. इच्छा होईल तेव्हा भेटीस ये, अशी मुभाही त्याला मिळाली. खुद्दकपाठातील कुमारपञ्ह म्हणजे हेच प्रश्न, असे अट्ठकथाकार सांगतात. आणि त्यातील पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराचा विषय आहार हा आहे. आमच्या दृष्टीने या आख्यानातील मर्म प्रवेशात नाही, सावलीत आहे. गुरू आणि बालक एकाच छायेत चालतात. त्याला वेगळे अंतर नेमून दिलेले नाही, वेगळे आसन नाही, वेगळी पाटी नाही. त्याची परीक्षा झाली, पण ती आत घेण्यासाठी झाली, बाहेर ठेवण्यासाठी नाही.

ही कसोटी आपण प्रथम स्वतःला लावली पाहिजे. चळवळीच्या पुण्याईने आपल्यातील एक वर्ग पडवीतून वर्गात आणि वर्गातून कार्यालयात पोहोचला. त्याची मुले आज शुल्क भरून खाजगी शाळांत शिकतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या नगरपालिका व जिल्हा परिषदेच्या शाळेत आपले वडील शिकले, ती बंद पडण्याची नोटीस लागते तेव्हा आपण कोठे असतो? तेथे आज मातंग, पारधी, वडार, कैकाडी, भिल्ल यांची मुले आहेत. स्थलांतरित मजुरांची आहेत. त्या मुलांच्या पालकसभेत आपला शिकलेला माणूस बसतो काय? आपल्या विहारातील अभ्यासिकेत वस्तीतील दुसऱ्या जातीचे मूल निःसंकोच येऊन बसते काय? आत आलेल्याने दार मागे लोटून घेतले, तर पडवी तशीच राहते. फक्त तीत बसणारी मुले बदलतात.

म्हणून शाळांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या आपल्या तरुण अभ्यासकांना आमचे सांगणे आहे की, गावोगावच्या शाळांची जुनी दप्तरे जतन करा, पट उतरवून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या शाळेत शिकलेले वृद्ध स्त्री-पुरुष हयात आहेत तोवर त्यांना विचारा की, ते कोठे बसत, पाणी कोण वाढी, पाटी कोण तपाशी, शेण कोणाकडून काढून घेतले जाई. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’, कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ यांसारख्या आत्मकथनांत ही माहिती विखुरलेली आहे. तिचे पद्धतशीर संकलन व्हावयास हवे. धारवाडच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सरकारी कागदांनी सांगण्याची तसदी घेतली नाही. आज ज्या मुलांच्या संबंधात कागद लिहिले जात आहेत, त्यांच्याविषयी तरी असे म्हणण्याची पाळी पुढच्या अभ्यासकावर येऊ नये.